गाठ आणि गाळ

आमच्या घरात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पोट भरणारी माणसं दोन. मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे काप करायचे, ते रंगवायचे आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचे, हे माझं काम. दुसरा माझा दीर. तो सांडपाण्याच्या प्लँटवर केमिस्ट आहे. लग्नकार्यात कुणी कामाचं विचारलं की आम्ही दोघंही विषय बदलतो, कारण पंगतीत ना गाठ चालते, ना गाळ.

पण एका मे महिन्यात भूमहून माझा मावसभाऊ प्लास्टिकची बाटली घेऊन दारात उभा राहिला आणि त्या आठवड्यात आमच्या घरी दोन्ही विषय ताटावर निघाले. बाटलीकडे मी नंतर येते. आधी गाळाचं सांगते, तो समजला की गाठ समजायला सोपी जाते.

दिराचा दिवस काचेच्या एका मापानं सुरू होतो. सकाळी नऊला तो एरेशन टँकमधून, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतून, दोरीच्या डब्यानं पाणी काढतो, एक लिटरच्या उभ्या मापात ओततो आणि मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावतो. ओतल्याबरोबर सगळं एकजीव, चॉकलेटी. मिनिटाभरात त्यात कण दिसायला लागतात, दूध नासताना दिसतात तसे. मग कण एकमेकांना धरतात आणि सगळा थर एकदमच खाली सरकायला लागतो. वर नितळ पाणी उरतं. वास म्हणाल तर पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा. मला हे पटत नव्हतं, नाक जवळ नेल्यावर पटलं. अर्ध्या तासानं त्यानं गाळाची रेघ वाचली: २८० मिलिलिटर. पाण्यात गाळ लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे एका ग्रॅम गाळानं ९३ मिलिलिटर जागा अडवली. हा आकडा शंभराच्या आसपास असला की दीर चहाला जातो. दीडशेच्या वर गेला की चहा राहतो बाजूला.

हा गाळ म्हणजे घाण, हे आधी डोक्यातून काढायला हवं. घाण त्यानं खाल्लेली असते. सांडपाण्यात ९९.९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या ०.१ टक्क्यात मैला, साबण, खरकटं, तेल, माती. त्यातलं सडणारं जे काही असेल ते तसंच नदीत गेलं, तर नदीतले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे मरतात ते बहुतेक वेळा श्वास कोंडून. ही भूक मोजायची रीत म्हणजे बीओडी. नमुना बाटलीत बंद करून अंधारात ठेवायचा आणि जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला ते पाहायचं. जुनी पद्धत २० अंशांवर ५ दिवसांची. आपल्याकडे हवा उष्ण, म्हणून २७ अंशांवर ३ दिवस ठेवलेलंही चालतं. घरगुती सांडपाण्याची भूक लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. सोडताना ती ३० च्या खाली आणायची, आणि नव्या प्लँटांकडून तर १० ची अपेक्षा असते.

म्हणजे प्लँट काय करतो, तर नदीत उठणारी पंगत टाकीतच उरकून घेतो. तळातून ब्लोअरची हवा सोडायची, जिवाणूंना पोटभर खाऊ द्यायचं, मग पाणी शांत टाकीत घेऊन त्यांना खाली बसू द्यायचं. खरी युक्ती पुढे आहे. १९१४ साली मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी बाटल्यांमधल्या सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पाणी पुरतं शुद्ध व्हायला पाच आठवडे लागले. एवढा वेळ कुठल्या शहराकडे असतो? पण त्यांनी तळाचा गाळ फेकला नाही. वरचं पाणी ओतून दिलं, त्याच गाळावर नवं सांडपाणी घातलं, पुन्हा हवा सोडली. असं करत करत पाच आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत आलं. आपल्या बायका हजारो वर्षं दह्याचं विरजण राखून ठेवतायत, त्यातलीच ही गोष्ट. या दोघांना ज्यानं वाट दाखवली तो गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन राहिला. आज जगातले बहुतेक मोठे प्लँट याच विरजणावर चालतात.

विरजण बिघडतंही. दीर थेंबभर गाळ काचपट्टीवर घेतो, वर झाकणकाच ठेवतो आणि बघत बसतो. जिवाणू एकमेकांना चिकटून जे पुंजके करतात, ते घट्ट हवेत. त्यांच्यातून केसांसारखे लांब धागे बाहेर आले असतील तर पुंजके एकमेकांवर नीट बसत नाहीत, पिंजलेल्या कापसासारखे फुगून राहतात आणि गाळ स्वच्छ पाण्याबरोबर वाहून जातो. प्राणवायू कमी पडला किंवा खाणं फार तुटपुंजं झालं की हे धागे माजतात. पुंजक्यांच्या कडेला देठावर घंटेसारखे डोलणारे व्हर्टिसेला दिसले की तो खूश. ते एकपेशीय जीव सुटे जिवाणू गट्ट करतात, म्हणून पाणी नितळ राहतं. कुणी ड्रेनेजमध्ये काही विषारी ओतलं तर सगळ्यांत आधी हेच गायब होतात. बीओडीचा आकडा हातात यायला तीन दिवस, आणि व्हर्टिसेला मेलेला पाच मिनिटांत दिसतो.

मराठवाड्यात या कामाला वेगळं वजन आहे. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते कुणी विसरलेलं नाही. पहिल्या फेरीला दहा डबे, पाच लाख लिटर. पुढे पन्नास डबे, पंचवीस लाख लिटर. आता हिशेब करा. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असा दंडक आहे आणि त्याचं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं असं धरतात. लाखभर वस्तीच्या गावाला पुरतं पाणी मिळालं, तर रोज १ कोटी ८ लाख लिटर सांडपाणी. पन्नास डब्यांच्या अशा चार गाड्या भरून वर पाणी उरेल, तेही रोज, आणि मिरजेला न जाता. अर्थात आपल्याकडे दंडकाइतकं पाणी येतंच कुठं? नळ रोज येत नाही, म्हणून सांडपाणीही एकसारखं येत नाही. ज्या भागाला पाळी, त्या भागात धुणी निघतात आणि प्लँटवर साबणाचा लोंढा. दीर म्हणतो, त्याला पेपर न वाचता कळतं आज कुणाकडे नळ होता.

आता दोघांच्या कामाचा पूर्वज सांगते. रुडॉल्फ व्हिर्खो, जर्मन डॉक्टर. रोग होतो तो शरीरातल्या पेशींत, आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते, हा विचार त्यानं १८५८ च्या ग्रंथात ठामपणे मांडला. गाठीचा तुकडा काचेखाली पाहून रोग ओळखणं या विचारावर उभं आहे, म्हणजे माझा पगारही त्यावरच. हाच माणूस पुढच्याच वर्षी बर्लिनच्या नगरपालिकेत निवडून गेला आणि शहराला बंद गटारं हवीत म्हणून वर्षानुवर्षं भांडला. १८७३ मध्ये ते काम सुरू झालं, जेम्स होब्रेख्त या इंजिनिअरच्या आराखड्यानं. मैलापाणी शहराबाहेर शेतांवर नेऊन जिरवायचं अशी ती योजना होती. मला हे कळलं तेव्हा मी दिराला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे वहिनी, आपण एकाच गिरणीचे.’

तर ती बाटली.

भाऊ चाळिशीतला. पाठीवर खांद्याच्या जरा खाली सात-आठ वर्षं गाठ होती. ‘दुखत नव्हती ताई, म्हणून ऱ्हाऊ दिली.’ पोतं पाठीवर घेताना ती आड यायला लागली, तेव्हा त्यानं एका लहान दवाखान्यात काढून घेतली. चरबीची आहे, टाकून देऊ, असं त्याला तिथं सांगण्यात आलं. त्याच्या बायकोनं मात्र हट्ट धरला की आमच्या ताई हेच काम करतेत, त्यांना दाखवायचीच. म्हणून गाठ हाताला लागली त्या बाटलीत गेली. तोंड अरुंद, गाठ लिंबापेक्षा मोठी, तेव्हा दाबून बसवलेली. आत सलाइन. एक रात्र घरी, अर्धा दिवस एसटीत, मे महिना.

मी कपाळावर हात मारला. शरीरातून काढलेला तुकडा त्या क्षणापासून स्वतःच स्वतःला पचवायला लागतो. कैरी मिठात घातली तर वर्षभर टिकते, नुसत्या पाण्यात ठेवली तर बुळबुळीत होते. सलाइन म्हणजे हे नुसतं पाणी समजा. आमचं मीठ म्हणजे फॉर्मॅलिन. दहा टक्के ताकदीचं आणि गाठीच्या दहापट. ते पेशींमधली प्रथिनं एकमेकांशी बांधून टाकतं, मग पेशी आहे तशी थिजते. पण फॉर्मॅलिन आत शिरतं तासाला जेमतेम एक मिलिमीटर. मोठी गाठ अख्खी बुडवली तर बाहेरून पक्की आणि आतून नासलेली मिळते. आणि अरुंद तोंडाच्या बाटलीत असेल तर घट्ट होऊन बसते, मग बाहेर येत नाही. ही बाटली आम्ही कात्रीनं कापली.

नशीब, मधला भाग शाबूत होता. गाठ टेबलावर घेतली की आधी मोजायची, मग तिचा बाहेरचा पृष्ठभाग शाईनं रंगवायचा. शाई पसरू नये म्हणून वर जरासं व्हिनेगर. लोकांना वाटतं ही कसली रांगोळी. ही शाई पुढे काचेखाली काळ्या रेघेसारखी दिसते, आणि तीच रेघ सर्जनच्या सुरीची वाट असते. गाठीच्या पेशी रेघेला टेकल्या असतील, तर तेवढ्याच पेशी माणसाच्या अंगात राहिल्या असण्याची शक्यता. एरवी सर्जन एका टोकाला टाका बांधून पाठवतात, म्हणजे वरची बाजू कुठली ते कळतं. इथं टाका नव्हता, चिठ्ठी नव्हती, वय-जागा-किती वर्षांची, काहीच नव्हतं. चिठ्ठी म्हणजे मीच.

कापलेले तुकडे रात्रभर मशीनमध्ये स्पिरिटसारख्या द्रवांतून फिरून पाणी सोडतात आणि मेण पितात. सकाळी त्यांचा मेणाचा ब्लॉक होतो, साबणाच्या छोट्या वडीसारखा. मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर त्याचे चार मायक्रॉनचे काप काढायचे. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, म्हणजे त्याच्या सतराव्या हिश्शाइतके पातळ. काप सुटे येत नाहीत, एकाला एक जोडून फीत येते. ती कोमट पाण्यावर तरंगवून, सुरकुती मोडली की काचपट्टीवर उचलायची. मे महिन्यात लाइट गेली की मेण मऊ होऊन काप चुरगळतात; मग बर्फाच्या ट्रेवर ब्लॉक ठेवून काम चालतं. रंग दोन. पेशीच्या केंद्राला निळा-जांभळा देणारं हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून येतं, आणि तुरटीशिवाय चढत नाही. पैठणच्या जुन्या रंगाऱ्यांना हे सांगितलं असतं तर त्यांना नवल वाटलं नसतं. बाकी सगळं गुलाबी करतं ते इओसिन.

डॉक्टरांनी स्लाइड लावली आणि मला दुसऱ्या नळीतून बघायला सांगितलं. ‘वीण बघ.’ लांबट पेशींच्या जुड्या एका मध्याभोवती फिरून, एकमेकींत अडकून विणल्यासारख्या. या नक्षीला स्टोरिफॉर्म म्हणतात, आणि ज्या लॅटिन शब्दावरून ते नाव आलं त्याचा अर्थच चटई. खालच्या चरबीत पेशी एका रेषेत न थांबता थेंबाथेंबाच्या मधून घुसल्या होत्या, तिथं मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसत होती. साधी चरबीची गाठ असती तर नुसते मोठे रिकामे फुगे दिसले असते. शंका उरू नये म्हणून सीडी३४ या मार्करसाठी, म्हणजे पेशीवरच्या एका खुणेसाठी, ब्लॉक बाहेर पाठवला; ती खूण असली तर पेशी तपकिरी होतात. पेशी तपकिरी रंगल्या. डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबेरन्स: कातडीतला, हळू वाढणारा, दूर क्वचितच जाणारा, पण जागेवर पुन्हा पुन्हा उगवणारा कर्करोग.

नाव ऐकून भावाचा चेहरा पडला, म्हणून मी त्याला हराळीचं सांगितलं. वर दिसते मूठभर, खाली मुळ्या वीतभर. दिसली तेवढी उपटली तर पुढच्या पावसाळ्यात परत हजर. म्हणून या गाठीभोवतीची दोन-तीन सेंटिमीटर चांगली दिसणारी कातडीही काढावी लागते. भावाच्या गाठीत एका बाजूला पेशी शाईला टेकलेल्या होत्या. म्हणजे दुसरं ऑपरेशन.

‘दुर्मीळ’ म्हणजे किती दुर्मीळ? वर्षाला लाख लोकांमागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण, ही युरोपात रूढ झालेली व्याख्या. भावाची गाठ त्याहून कितीतरी विरळ, दहा लाखांत वर्षाला पाचाच्या आतबाहेर. गंमत अशी, की असे सगळे विरळ कर्करोग एकत्र मोजले तर युरोपात एकूण कर्करोगांतला पाचातला एक तरी त्यांच्यात निघतो. प्रत्येक एकटा नगण्य, मिळून मोठी जत्रा. म्हणून साध्या डॉक्टरनं चरबीची गाठ म्हणणं मला अज्ञान वाटत नाही. शंभरात नव्याण्णव वेळा तो बरोबरच असतो. मला राग आहे तो टाकून देण्याचा. काढलेली प्रत्येक गाठ तपासायला गेलीच पाहिजे, मग ती कितीही साधी दिसो.

आणि विरळ काय हे ठरवायला आधी सगळं मोजावं लागतं. इथं आपल्या भागाला मान आहे. शेजारच्या बार्शीत १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि तिच्यात बार्शीबरोबर धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुके होते. भावाचा तालुका! खेड्यातला माणूस आपणहून दवाखान्यात येत नाही, म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली. याच जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष जगानं वाचला.

नाव बरोबर लागल्यानं काय फरक पडतो, याचं मला सगळ्यांत आवडतं उदाहरण पोटातल्या एका गाठीचं आहे. जठर-आतड्यांच्या भिंतीतल्या काही गाठी कित्येक वर्षं स्नायूंच्या गाठी म्हणून खपत होत्या. पसरल्या तर त्यांना केमोथेरपी जवळजवळ लागूच पडायची नाही. १९८३ मध्ये मेझर आणि क्लार्क या दोघांनी म्हटलं, या स्नायूंच्या दिसत नाहीत, यांना वेगळं ठेवा. आणि जिस्ट हे नाव रूढ झालं. पंधरा वर्षांनी, १९९८ मध्ये, जपानच्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांतल्या बऱ्याच गाठींत किट नावाच्या जनुकात बिघाड असतो. पेशीच्या वाढीचं बटण दाबलेलंच राहतं. रक्ताच्या एका कर्करोगासाठी तयार होत असलेलं इमॅटिनिब हे औषध याही बटणावर चालतं, म्हणून २००० साली फिनलंडमधल्या एका बाईला ते दिलं आणि तिच्या गाठी आक्रसल्या. आधी कुणीतरी काचेखाली बघून ‘हे ते नव्हे’ म्हणालं, तेव्हा पुढचं झालं. भावाच्या गाठीतही सतराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल होऊन असंच एक बटण अडकलेलं असतं, आणि ऑपरेशन शक्य नसेल तिथं हेच औषध वापरतात. भारतात ते स्वस्तात बनतं. त्याच्या नव्या रूपावरचं पेटंट सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये नाकारलं होतं.

रात्री जेवताना हे सगळं सांगून झालं, तेव्हा दिरानं हातातली भाकरी खाली ठेवली. ‘वहिनी, तुमचं ते दहापट फॉर्मॅलिन वापरून झाल्यावर कुठं ओतता?’ भाऊ हसला. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जे पेशीला जागच्या जागी थिजवतं, ते व्हर्टिसेलाला सोडेल का? थोडं थोडं, पातळ होऊन आलं तर जिवाणू तेही पचवतात. एकदम कॅन रिकामा झाला तर टाकीतलं विरजण मरतं आणि नवं लागायला आठवडे जातात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं फॉर्मॅलिन वेगळं गोळा करा, प्रक्रिया केल्याशिवाय ड्रेनेजमध्ये मिसळू नका, असं आहे. आमच्याकडे कॅन भरून ठेवतात. सगळीकडे ठेवतात असं मी दिराला छातीठोक सांगू शकले नाही. बेसिन हाताशी असतं.

भावाचं दुसरं ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं. तिथले पॅथॉलॉजिस्ट सगळं पहिल्यापासून बघतात, आणि विरळ गाठीत तसं बघायलाच हवं. नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लागतात. ते लॅबमधून मागून घेता येतात. खूप जणांना हे माहीतच नसतं, आणि मुंबईला जाऊन हात हलवत परत येतात.

मी त्याला पाच ब्लॉक मोजून दिले, प्रत्येकावर नंबर. त्यानं ते कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात घातले. ‘उन्हात वितळतेत का?’ विचारलं त्यानं. मेण सत्तावन-अठ्ठावन्न अंशांना वितळतं, खिशात काही होत नाही. मी एवढंच बजावलं, की जीपमध्ये काचेसमोर ठेवू नको. मे महिन्यात तिथं सत्तर अंशही होतात. त्यानं वरचं बटण लावलं, आणि बस येईपर्यंत मधूनमधून खिशावरून हात फिरवत होता.